समुद्राच्या तळातलं मँगनीज आणि आपण नदीवाले



'डीप रायझिंग' या माहितीपटाचे तुकडे आपल्या ग्रुपवर फिरत आहेत. फिल्म २०२३ ची, दिग्दर्शक मॅथ्यू रिट्झ, आणि मागून बोलणारा आवाज 'ॲक्वामॅन'वाल्या जेसन मोमोआचा. खोल समुद्राच्या तळात खदानी सुरू करायच्या चालल्या आहेत, त्याबद्दल आहे. काही जणांनी विचारलं, बालाघाटहून समुद्र कुठं, आपण रोहू-कतलावाले, आपल्याला याचं काय करायचं? आम्ही फिल्म पूर्ण पाहिली. आमचं मत असं की, ही फिल्म बालाघाटनं सगळ्यात आधी पाहायला पाहिजे. कारण तिथून काढायचं आहे ते मँगनीज आणि तांबं. भरवेली, उकवा, तिरोडीचं मँगनीज, मलाजखंडचं तांबं. आपल्यात कितीतरी घरं अशी आहेत की एक भाऊ जाळ्यावर आणि दुसरा खदानीत. खदान म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तिनं चूल पेटते, आणि तिनं नाल्याचं पाणीही बदलतं. दोन्ही खरं आहे.

समुद्रात चार ते सहा हजार मीटर खोल, चिखलावर बटाट्याएवढे काळे खडे पसरलेले आहेत. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असं सगळं एकाच खड्यात. वाढतात किती, तर दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. आपला देशही यात फार आधीपासून आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी 'गवेषणी' जहाजावरून २६ जानेवारी १९८१ ला हिंदी महासागरातून असे खडे वर काढले. आज त्या महासागराच्या मधल्या भागात ७५,००० चौरस किलोमीटर तळ शोधकामासाठी भारताकडे आहे. २०२१ मध्ये 'डीप ओशन मिशन'ला ४,०७७ कोटी मंजूर झाले. त्यातून चेन्नईत तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी तयार होत आहे, तिचं नाव 'मत्स्य ६०००'. नाव मत्स्य, पण मासे धरायला नाही!

आता गाळाचं बोलू, कारण गाळ आपल्याला कळतो. हे खडे उचलायला रणगाड्यासारखं यंत्र तळावर चालवतात. खड्यासोबत वरचा मऊ थर उठतो, आणि खडे जहाजावर घेतल्यावर उरलेलं गढूळ पाणी परत समुद्रात सोडावं लागतं. वैनगंगेला पहिला पूर आला की पाणी चहासारखं होतं, पण आपला मासा त्याला सरावलेला आहे, आणि थोड्या दिवसांत पाणी निवळतं. खोल समुद्रात पूर येत नाही. तिथला जीव स्वच्छ, थंड, अंधाऱ्या पाण्यातच जगायला शिकलेला. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या समुद्रात मुद्दाम तळ नांगरून पाहिला. २६ वर्षांनी परत गेले, तर नांगराच्या रेघा तशाच! आपल्याकडं नांगरलेलं शेत दोन पावसात ओळखू येत नाही.

त्याच समुद्रात एक पांढरट ऑक्टोपस सापडला. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये त्याच्या अंड्यांबद्दल लिहिलं. तो अंडी घालतो ती मेलेल्या स्पंजाच्या देठावर, आणि तो स्पंज उगवलेला असतो याच मँगनीजच्या खड्यावर. खडा गेला की देठ गेला, देठ गेला की अंडी गेली. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट आपण जाळं टाकत नाही. दोन महिने घर कसं चालतं ते घरच्या बायांना विचारा. तरी पाळतो, कारण मासा अंड्यावर असतो. मग जिथं अंडी घालायची जागाच उचलून नेणार, तिथं बंदीचा काळ कोणता ठेवणार?

कंपन्यांचं म्हणणं असं की, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला धातू लागतो, समुद्रातून घेतला तर जमिनीवरचं जंगल वाचेल. ऐकायला बरं वाटतं, आपल्या जिल्ह्याला तर जास्तच. पण समुद्रात खदान उघडली म्हणून इकडची एक तरी बंद होईल, असं लिहून कोण देतंय? शिवाय लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला निकेलही नको, कोबाल्टही नको, आणि चीनमध्ये निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक गाड्या त्यावरच चालतात. पैशाचंही पाहा. पापुआ न्यू गिनीच्या सरकारनं अशाच एका समुद्री खदानीत पैसे घातले, २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, पैसे बुडाले. तीसहून जास्त देश आता 'थांबा' म्हणत आहेत. त्यात भारत नाही.

आणि हे फक्त दूरच्या पाण्यातलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं समुद्रातल्या १३ ब्लॉकचा लिलाव काढला. सात ग्रेट निकोबारजवळ, तीन गुजरातकडं, आणि तीन केरळात कोल्लमच्या समुद्रात. कोल्लमला काय काढायचं? रेती! तीही मासेमारीच्या नामी जागेवरून. २७ फेब्रुवारी २०२५ ला केरळच्या मच्छीमारांनी किनारा बंद ठेवला, मार्चमध्ये तिथल्या विधानसभेनं विरोधाचा ठराव केला. त्यांची एक तक्रार अशीही की जमिनीवरच्या खदानीची रॉयल्टी राज्याला मिळते, समुद्रातली केंद्राकडं जाते.

रेतीचं नाव काढल्यावर आपल्या लोकांना वेगळं काही सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की मासा डोहात तग धरतो. घाटावर मशीन लागली, काठ फुटला, डोह बुजला, की पुढच्या साली जाळ्यात काय येतं ते डोंगावाल्यांना माहीत आहे. फरक एवढाच की इथं आपण घाटावर जाऊन उभं राहू शकतो. बैहरकडं पेसा आहे, रेतीसाठी ग्रामसभेची शिफारस लागते, कागदावर तरी लागते. पाच हजार मीटर खाली कोणाची ग्रामसभा भरणार? तिथं काय झालं हे ज्यानं यंत्र उतरवलं तोच सांगणार, आणि आपण ते मानायचं.

खदान नकोच, असं आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या घरी खदानीचा पगार येतो त्यांच्यासमोर असं बोलणं शोभत नाही. पण जिथलं नुकसान माणसाच्या दहा पिढ्यांतही भरत नाही, तिथं आधी पूर्ण अभ्यास, तो सगळ्यांसमोर, आणि मच्छीमारांना विचारल्याशिवाय लिलाव नाही, एवढं तर मागता येतं.

पुढच्या मासिक बैठकीत दोन ठराव ठेवत आहोत. एक, कोल्लमच्या मच्छीमारांना पाठिंब्याचं पत्र. दुसरा, आपल्या हद्दीतले डोह कोणते, ते नावासकट लिहून जिल्हा खनिज कार्यालयाला आणि मत्स्य विभागाला द्यायचे, की इथं रेतीघाट देऊ नका. जुन्या जाणत्यांनी आपापल्या गावच्या डोहांची नावं बैठकीआधी समितीत सांगावी. काही नावं आता फक्त म्हाताऱ्यांनाच आठवतात, तेव्हा पोट्ट्यांनो, आजोबांना गाडीवर बसवून घेऊन या.