भोवरा मुलांनीच घडवावा

आपल्या शाळेत मुलांना लाकडी भोवरा घडविण्यास शिकवावे, अशी सूचना आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी मांडली, तेव्हा एका पालकांनी उभे राहून विचारले, "आमच्या बापजाद्यांच्या हातची दोरी सुटावी म्हणून तर मुलाला बिबवेवाडीला ठेवले. तुम्ही पुन्हा तेच त्याच्या हाती देता?" प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही.

गावगाड्यात एवढेसे खेळणेही जातीने वाटलेले होते. लाकूड तासावे सुताराने, आर घडवावी लोहाराने, वाख वळावा मातंगाने. आणि पुढे त्यांच्या मुलांनीही तेच करावे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. त्यांचा प्रहार जन्माने गळ्यात बांधलेल्या धंद्यावर होता, हाताच्या कसबावर नव्हे. एकाच मुलाने लाकूड तासावे, आरही ठोकावी आणि जाळीही वळावी, असा आमचा आग्रह आहे तो यासाठीच.

काम दिसते तितके सोपे नाही. बाभळीची किंवा पेरूची फांदी आधी सावलीत नीट वाळवावी लागते. ओल्या लाकडाचा भोवरा पुढे तडकतो. त्यासाठी झाड तोडण्याचे कारण नाही, पावसाळ्यात पडलेल्या फांद्या पुरतात. वाकसाने निमुळता आकार द्यावा, कानशीने घासावे, फुटक्या काचेने खरवडून गुळगुळीत करावे आणि जाळी घसरू नये म्हणून खाली बारीक खाचा पाडाव्यात. खरी परीक्षा आरीची. गिरमिटाने आधी भोक न पाडता खिळा ठोकला तर लाकूड उभे चिरते, आणि आर केसभर तिरपी बसली तरी भोवरा लटपटतो. मग कोणती बाजू जड आहे हे पाहून पुन्हा घासणे आले. आमच्यापैकी एकाचे तीन भोवरे वाया गेले. चौथा मात्र जागच्या जागी असा स्थिर फिरला की जणू झोपलाच. गुरुत्वमध्य हा शब्द आम्ही त्याआधी दोन वर्षे पाठ म्हणत होतो!

सावंतवाडीचे रंगीत भोवरे आणून वाटता येतील, आणि ते देखणेही असतात. पण विकत आणलेल्या भोवऱ्याचा दोष मुलाला स्वतःचा वाटत नाही. हत्यारांच्या धारेची भीती खरी आहे; म्हणून आठवीपासूनच्या मुलामुलींना, सहा-सहांच्या गटाने आणि सुतारकाम जाणणाऱ्याच्या देखरेखीखालीच हे शिकवावे.

त्या पालकांनी अद्याप होकार दिलेला नाही. जाळी कशाची वळणार, एवढे मात्र त्यांनी जाताना विचारले. घायपात कुजवून वाख कसा काढतात, हे त्यांना उत्तम ठाऊक आहे. शिकवायला यावे, अशी विनंती आम्ही त्यांना केली असून मानधन सुतारकाम शिकवणाऱ्याइतकेच राहील, हेही कळविले आहे.