हॅलोवीनची रात्र आणि साडेतीन वर्षांचे मूल

२०२४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच आमच्या जुन्या पेशंट असलेल्या एक काकू येऊन बसल्या. ब्लडप्रेशर तपासून घ्यायला आल्या असतील म्हणून मी पट्टा हाती घेतला, तर त्यांनी दंडाऐवजी मोबाईल पुढे केला. "डॉक्टर, माझं राहू द्या. आधी हे बघा."

त्यांचा मुलगा अमेरिकेत पूर्वेकडच्या भागात नोकरीला आहे. नातू साडेतीन वर्षांचा. सुनेने पाठवलेल्या त्या व्हिडिओत नातू अंथरुणात उठून बसला होता. डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेले, आणि तोंडाने एकसारख्या किंकाळ्या. आई जवळ घ्यायला गेली की तिलाच ढकलत होता. तिला ओळखतच नव्हता म्हणा ना. सात-आठ मिनिटांनी आपोआप आडवा झाला आणि झोपी गेला. सकाळी विचारले तर त्याला काही आठवत नाही. सलग तीन रात्री हेच चालले होते. तिकडे रात्री दहाला हा प्रकार होई आणि इकडे सकाळी साडेसातला काकूंचा फोन वाजे.

काकूंनी आवाज खाली आणून विचारले, "बाहेरचं काही असेल का हो? मी फोनवरूनच दृष्ट काढली. मोबाईलभोवती मीठ-मोहऱ्या ओवाळल्या."

दृष्ट काढल्याने कुणाचे वाईट होत नाही, त्यामुळे त्याबद्दल मी काही बोललो नाही. त्याआधी मूल कुठे गेले होते, काय खाल्ले होते, किती झोपले होते, ते विचारले. तेव्हा उलगडा झाला. दसऱ्याच्याच रात्री आईवडील त्याला तिकडच्या एका थीम पार्कातल्या हॅलोवीन पार्टीला घेऊन गेले होते. मूल दुपारी झोपले नव्हते. घरी यायला रात्रीचा दीड वाजला.

आता हॅलोवीन म्हणजे काय, हे आपल्या गावातही पुष्कळांना ठाऊक झाले आहे. ३१ ऑक्टोबरचा हा सण मूळचा आयर्लंडकडचा. तिथून गेलेल्या लोकांनी तो अमेरिकेत रुजवला. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात, भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. गल्लीत संध्याकाळी तास-दीड तास चालणाऱ्या या खेळाविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण मोठमोठ्या थीम पार्कांनी त्याची रात्रीची जत्रा केली आहे. त्यातली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळ डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये भरणारी पार्टी. ती १९९५ साली एका रात्रीपुरती सुरू झाली. आता ऑगस्टपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत ठरावीक रात्री भरते. वेळ संध्याकाळी ७ ते रात्री १२. तिकीट वेगळे, माणशी शंभर डॉलरांच्या वर. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, आणि फुकट आहे म्हटल्यावर आपण मराठी माणसे पाळण्यातल्या बाळालाही मागे ठेवत नाही! या पार्टीच्या नावातच 'फारशी भीतिदायक नसलेली' असे शब्द आहेत आणि मोठ्यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. तिथल्या मिरवणुकीच्या पुढे बिनमुंडक्याचा घोडेस्वार हातात पेटता भोपळा घेऊन दौडत जातो, मागून थडगी खणणारे येतात आणि फावडी जमिनीवर घासून ठिणग्या उडवतात. दहा वर्षांच्या पोराला यात मौज वाटेल. ऑर्लँडोतच युनिव्हर्सलची हॅलोवीन हॉरर नाइट्स ही दुसरी जत्रा १९९१ पासून भरते. तेरा वर्षांखालील मुलांसाठी ती योग्य नाही, असे ते लोक स्वतःच सांगतात. तिथे लहान मुलाला नेण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न आहे तो 'फारशी भीतिदायक नसलेल्या' जत्रेचा. भीतिदायक कुणाला? भीतीचे माप मोठ्यांनी ठरवायचे की लहानांनी?

रेटा डीव्रीज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. मेनार्ड नावाचे एक शांत मांजर होते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्याला हात लावू दिला, कुरवाळू दिले. मग त्याला एका रागीट कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटीकडचा भाग मुलांना सारा वेळ दिसत होता. मग विचारले, आता हा कोण? बहुतेक तीन वर्षांच्या मुलांच्या लेखी मांजराचा कुत्रा झाला होता. सहा वर्षांची मुले मात्र मुखवट्याने मांजर बदलत नाही हे जाणून होती. तीन वर्षांच्या मुलाला अक्कल कमी असते असा याचा अर्थ नव्हे. जे दिसते तेच खरे, असा त्या वयाचा नियम असतो. त्याला बिनमुंडक्याचा माणूस दिसला की तो त्याच्यापुरता बिनमुंडक्याचाच असतो. आणि आईने हौसेने चेटकिणीचा वेष केला असेल तर त्या अंधारात त्याची हक्काची जागाही गेली. म्हणून माझे सांगणे आहे, सोबतच्या मोठ्यांपैकी एकाने तरी नेहमीच्या कपड्यांत राहावे. मूल चुकले तरी ओळखीचा चेहरा शोधायला तेवढेच बरे.

नोकरीच्या सुरुवातीला, १९९५ च्या सुमारास, मी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या मोखाडा भागात होतो. तिथे बोहाडा पाहिला. रात्र-रात्र चालणारी देवदानवांची सोंगे, मशालीचा उजेड, मोठाले रंगवलेले मुखवटे. नव्यानेच गेलेला मी पहिल्या रात्री दचकलो होतो! पण तिथली पोरे आरामात बसलेली. मला नवल वाटले. पुढे ध्यानात आले की या पोरांनी ते मुखवटे दिवसाउजेडी पाहिलेले असतात. कुणाचा काका कुठले सोंग घेतो ते त्यांना ठाऊक असते. मुखवटा चढवताना पाहिलेला असतो आणि उतरवताना तर हमखास. मुलाच्या मनातली भीती घालवायचा याहून चांगला उपाय मला कोणत्या पुस्तकात सापडलेला नाही. थीम पार्कात मात्र मुखवटा उतरवून कुणी दाखवत नाही. ते त्यांच्या धंद्यात बसत नाही.

आता झोपेचे बोलू, कारण काकूंच्या नातवाचे खरे दुखणे तिथेच होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ साली मुलांच्या झोपेचे तास सांगितले आहेत. दुपारची झोप धरून चार महिने ते एक वर्षापर्यंत १२ ते १६ तास, एक-दोन वर्षांना ११ ते १४, तीन ते पाच वर्षांना १० ते १३. हा हिशेब चोवीस तासांचा. दुपारी न झोपलेले मूल रात्री दीडला अंथरुणावर पडले आणि सवयीप्रमाणे सातला उठले, तर साडेपाच तास भरतात. म्हणजे निम्मी झोप बुडाली. दिवाळीच्या सुट्टीत इथून सहलीला गेलेल्या मुलांचे हाल आणखी वेगळे. तिथे रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेसात. मूल कशाने किरकिरते हे आईबापांना कळत नाही आणि गर्दीत त्यालाच धपाटा बसतो.

दमलेले मूल झोपले की फार गाढ झोपते. त्या गाढ झोपेतून ते अर्धवट वर येते आणि तिथेच अडकते, शरीर जागे पण मन झोपलेले. यालाच 'नाइट टेरर' म्हणतात. झोप लागल्यावर साधारण एक ते तीन तासांत हा प्रकार होतो. वाईट स्वप्न वेगळे. ते बहुधा पहाटेकडे पडते, मूल खरोखर जागे होते, आईला बिलगते आणि काय दिसले ते सांगते. नाइट टेररमध्ये मूल कुणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला आठवतही नाही. पाहणाऱ्याच्या मात्र पोटात गोळा येतो. आपल्याकडे यालाच 'बाहेरचं' समजून अंगारे-धुपारे करतात आणि अर्ध्या रात्री मूल कुठेतरी घेऊन जातात, म्हणजे उरलीसुरली झोपही गेली.

अशा वेळी मुलाला हलवून जागे करू नये. तोंडावर पाणी मारू नये. ते पडणार नाही, कशावर आपटणार नाही एवढे पाहून शेजारी बसावे. पुढचे काही दिवस नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास लवकर झोपवावे. बहुतेकांना औषध लागत नाही. पण हातपाय ठराविक लयीत झटके देत असतील, अंग ताठ होत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, एका रात्रीत अनेकदा होत असेल किंवा मूल घोरत-घोरत मध्येच श्वास अडकल्यासारखे करत असेल, तर डॉक्टरला दाखवावे. व्हिडिओ काढून न्यावा. या एका बाबतीत मोबाईलचे मी उपकार मानतो.

आवाजाकडे आईवडिलांचे फारसे लक्ष नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत फटाक्यासारख्या क्षणिक आवाजाची मर्यादा मोठ्यांसाठी १४० डेसिबल आणि मुलांसाठी १२० आहे. आतषबाजीपासून दूर उभे राहावे. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. कानावर बसणारे मुलांचे इअरमफ मिळतात, ते घ्यावेत. खाऊच्या पिशवीत टणक गोळ्या आणि शेंगदाण्याचे पदार्थ असू शकतात. चार वर्षांखालच्या मुलाला टणक गोळी, अख्खा शेंगदाणा, पॉपकॉर्न देऊच नये. अंधारात, बाबागाडीत पेंगणाऱ्या मुलाच्या तोंडात तर कधीच नाही. पिशवी घरी नेऊन उजेडात उघडावी.

"वर्षातून एकदाच तर असतं, एका जागरणाने काय होतं?" असे कुणी म्हणेल. एका जागरणाने काही होत नाही, हे मी मान्य करतो. आपल्याही जत्रेत कर्ण्याखाली, आजोबांच्या खांद्यावर पोरे झोपतातच. पण जागरण, भीती आणि दणदणाट हे तिन्ही एकाच रात्री, तेही मुलाने 'घरी चला' म्हटल्यानंतरही, हे मला पटत नाही. आणि मूल 'घरी चला' म्हणतेच. काकूंचा नातूही साडेआठला म्हणाला होता. पण मिरवणूक व्हायची होती, त्यानंतर आतषबाजी, आणि तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे होते.

म्हणून माझे मत असे. पाच वर्षांखालच्या मुलासाठी या रात्रीच्या पार्टीचे तिकीट काढूच नये. हॅलोवीनची सजावट दिवसाही असते, ती दाखवावी. न्यायचेच असेल तर दुपारी झोपवून न्यावे. डिस्नेच्या पार्टीत तिकीटवाल्यांना चारलाच आत सोडतात. साडेआठला बाहेर पडायचे हे दारातच ठरवावे, आणि मूल आधी कंटाळले तर आधी निघावे. सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेल्या आजी-आजोबांना या बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे. बाळाला घेऊन घरी थांबायची तयारी मात्र दाखवावी.

हे सारे मी काकूंना समजावले. निघताना त्या दारात घुटमळल्या. म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. परवा तो जेवत नव्हता, तेव्हा मीच फोनवर म्हटलं, जेव, नाहीतर तो भोपळ्यावाला बुवा येईल." मी म्हटले, "काकू, आता तेवढं बंद करा. आणि सुनेला सांगा, एक मुखवटा आणून दिवसा त्याच्या हातात द्या. त्यालाच घालू द्या, काढू द्या."

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. नातू आठला झोपत होता, किंकाळ्या थांबल्या होत्या आणि मुखवटा घालून तो व्हिडिओवर आजीलाच घाबरवत होता. काकूंचे ब्लडप्रेशर मात्र १६०/९६ निघाले. नातवाच्या काळजीत त्या दोन आठवडे स्वतःची गोळी घ्यायला विसरल्या होत्या.