एक बादली जास्त

दोस्तहो, महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्यासाठी लढा दिला. आणि परळ-लालबागच्या चाळीत आपली माय-बहीण अजून एका बादलीत भागवते, संडासाच्या रांगेच्या धास्तीनं लघवी कोंडून धरते. खाली आग होतेय, हे कुणाला सांगत नाही. आपण मात्र मोर्चात घसा फोडतो!

थोडं पांढरं जाणं हा आजार नव्हे. दह्यासारखं, हिरवट, वास मारणारं असेल, खाज सुटली असेल, तर दवाखाना गाठायचा. केईएम १९२६ पासून परळलाच उभं आहे. बाहेरून साध्या पाण्यानं धुवायचं, पुढून मागं पुसायचं. आत साबण, डेटॉल घालायचं नाही. आतले भले जंतू मरतात न् रोगाचे माजतात. चड्डी सुती, कोरडी. पाळीतली घडी चार-सहा तासांनी बदलायची, धुऊन उन्हात वाळवायची, उघड्या दोरीवर. लाज कसली?

२०११ साली मुंबईच्या बायांनी ‘राइट टू पी’ म्हणत मुतारीचा हक्क मागितला. मी गोदीत गोणी उचलतो. घरी पाण्याची एक बादली जास्त उचलली तर माझी क्रांती बाटत नाही. उचला!