विश्रांतीला खाडा म्हणू नका

आमच्या सोलापुरात हल्ली पहाटे साडेपाचला होटगी रस्त्याने फिरायला निघालं, की दूधवाल्यांच्या बरोबरीने सायकलवाले भेटतात. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा, अंगाला चिकटलेले झगमगीत कपडे. कुणी तुळजापूर करून येतं, कुणी अक्कलकोट. त्यात डॉक्टर आहेत, बँकेतले आहेत, यंत्रमागवाले आहेत, पन्नाशीच्या गृहिणीही आहेत. मला या सगळ्यांचं कौतुकच आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली प्रतिक्रिया येईल, "काका, तुम्ही जळता!" :)

माझी तक्रार आहे ती त्यांच्या तोंडच्या एका शब्दाबद्दल. खाडा. "शंभर दिवसांचं चॅलेंज, सर, ब्याऐंशी झाले, एकही खाडा नाही!" अहो, हा शब्द मजुरीचा आहे. गिरणीत खाडा झाला की पगार कापला जायचा, म्हणून माणूस अंगात कणकण असतानाही भोंग्याला हजर राहायचा. त्याचा नाइलाज होता. ज्यांची रोजी बुडत नाही त्यांनी हौसेच्या गोष्टीत खाडे मोजत बसावं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

मुळात समजूतच उलटी आहे. सायकलवर बसलेलं असताना शरीर बळकट होत नसतं, ते झिजत असतं. स्नायूंचे धागे बारीक बारीक दुखावतात, त्यांत साठवलेली साखर संपते. बळकटी येते ती नंतर, खाण्यात आणि झोपेत. लांब पल्ल्यानंतर ती साखर नुसती पुन्हा भरायलाच, नीट जेवलात तरी, एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. आपल्याकडच्या काळ्या रानाचं उदाहरण घ्या. पाऊस पडला म्हणून लगेच कुणी कुळव घालत नाही, वाफसा यायची वाट बघतो. चिखलात औत घातलं तर ढेकळं होतात आणि बैलही मोडतो. दोन दिवस थांबलेल्या शेतकऱ्याला कुणी आळशी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

दुसरी गंमत वेगाची. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांचा साधारण ८० टक्के सराव अगदी सावकाश, गप्पा मारता येतील अशा गतीचा निघाला. उरलेला मात्र खरोखर कठीण. आमच्या मंडळींचं काय? रोज एकमेकांच्या चाकाला चाक लावून धड हळू नाही, धड जोरात नाही. मोबाइलवर सरासरी वेग दिसतो ना, तो कालच्यापेक्षा कमी दिसता कामा नये! त्यामुळे हळू जायच्या दिवशी दमणूक होते आणि जोर लावायच्या दिवशी पायात जोरच नसतो.

यावर माझ्याच वयाचे काही मित्र म्हणतात, "आमच्या वेळी कसलं ट्रेनिंग अन् कसली रिकव्हरी? रोज सायकलनेच जायचो." जायचो, मान्य आहे. मीही जायचो. पण आपण घर ते शाळा जायचो, बाराच्या उन्हात सावली बघून थांबायचो, आणि मागे कॅरिअरला भाजीची पिशवी असायची. पुण्याच्या वाटेवर ताशी तीसच्या वेगाने दोनशे किलोमीटर कोण गेलं होतं? उगीच तरुणांना टोमणे मारू नयेत.

आता 'ब्रेवे' या प्रकाराबद्दल. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो, ठरल्या वेळेत पोचलं की झालं. म्हणजे नियमांतच थांबायला, जेवायला, डुलकी काढायला जागा ठेवलेली आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एक चालवायचा तेव्हा दुसरा गाडीत विसावा घ्यायचा. टूर द फ्रान्समध्येसुद्धा २१ टप्प्यांत दोन दिवस विश्रांतीचे असतात. त्यांच्याकडे मालिशवाले आहेत, स्वयंपाकी आहेत. आमच्यांना मात्र दहाला ऑफिस गाठायचं असतं आणि रात्री बारापर्यंत मालिका बघायच्या असतात!

हे सगळं लिहायला बसलो त्याला कारण माझा भाचा. गेल्या महिन्यात त्याला चार दिवस ताप होता. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पूर्ण बरं वाटेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही. त्याच्या ग्रुपमधल्या कुणा शहाण्याने सल्ला दिला, "घाम काढ, ताप उतरेल." आणि हा पाचव्या दिवशी पहाटे तीस किलोमीटर करून आला, वर तीस-चाळीस जणांनी अंगठे दाखवले. विषाणूच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते आणि तेव्हा जोराचे श्रम केले तर जिवावर बेतू शकतं. अंगठे दाखवणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं? बहिणीला रात्र रात्र झोप नाही. आणि तो आता ३०० च्या ब्रेवेत नाव घालून बसला आहे.

अरे बाबा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. सायकल सोड असं मी म्हणत नाही. आधी डॉक्टरांना पुन्हा दाखव. ते हो म्हणाले तरी पहिले काही दिवस कंबर तलावापर्यंत जा आणि परत ये, गप्पा मारत. आठवड्यातून एक दिवस सायकल भिंतीला. तीन आठवडे वाढवलंस की चौथ्यात कमी कर. साडेसात तास झोप. दमल्यावर नुसतं पाणी ढोसू नकोस, मीठ-साखर-लिंबू घाल, घरी आल्यावर भाकरी-पिठलं पोटभर खा. आणि मे महिन्यात, पारा ४२-४३ ला जातो तेव्हा, सकाळी आठनंतर रस्त्यावर दिसलास तर मीच चाकातली हवा सोडीन.

ग्रुपमधल्या बाकीच्या वीरांना माझ्याशी वाद घालायचा असेल तर जरूर घाला. फक्त एक करा. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, घड्याळ लावून एक मिनिट नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. एरवीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसले तर तो दिवस कोणता होता तेही लिहा. पंधरा दिवसांची वही घेऊन या, मग बोलू. चहा माझ्याकडे.