विश्लेषण : कळा सुसह्य झाल्या, तरी बाळंतीण समाधानी का नसते?

प्रसूतीच्या कळा सुसह्य करणारे एपिड्युरल मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत आता सहज मिळू लागले आहे. दुसरीकडे, सरकारी प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात किमान ८० टक्के लाभार्थी समाधानी असाव्यात, असे उद्दिष्ट आहे. हे समाधान वेदना किती कमी झाल्या यावरच ठरते का?

एपिड्युरल म्हणजे काय?

कंबरेच्या भागात मणक्यातून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी बसवून भुलीचे औषध दिले जाते. स्त्री पूर्ण शुद्धीत असते, कळांची वेदना मात्र बरीच कमी होते. ‘एपिड्युरल घेतले की सिझर ठरलेले’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पण २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, ११ हजारांहून अधिक महिलांच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर सिझेरियनचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. रक्तदाब उतरणे, ताप येणे, लघवी तुंबणे हे त्रास मात्र होऊ शकतात. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी गर्भवतीने मागणी केल्यास एपिड्युरल देण्याची शिफारस केली.

मग कोडे कुठे आहे?

लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयातील एक हजार मातांचे सर्वेक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. एपिड्युरलने वेदना सर्वांत चांगल्या कमी केल्या होत्या, पण त्या महिला प्रसूतीच्या अनुभवाबाबत अधिक समाधानी नव्हत्या. लांबलेली प्रसूती आणि उपकरणे लावून बाळ बाहेर काढावे लागणे, ही त्यामागची काही कारणे.

कॅनडातील संशोधक एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये अशा १३७ अहवालांचा आढावा घेतला. समाधान ठरवणाऱ्या चार गोष्टी पुढे आल्या : स्त्रीच्या अपेक्षा, मिळालेला आधार, डॉक्टर-परिचारिकांशी असलेले नाते आणि निर्णयातील तिचा सहभाग. वेदना आणि वेदनाशमन यांचा प्रभाव या चौघांपेक्षा कमी होता.

म्हणजे वेदनाशमन नकोच?

हा निष्कर्ष सोयीचा आहे, आणि चुकीचाही. ‘बाईच्या जातीने सोसायचेच असते’ म्हणणाऱ्यांना हॉडनेट यांचा आधार मिळत नाही. वेदना असह्य झाल्यावर मागूनही औषध न मिळणे, म्हणजे निर्णयात तिला स्थान नसणेच. तिने नको म्हटल्यावर आग्रह करणे हेही तेच.

आपल्याकडे काय स्थिती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. बाई दवाखान्यात पोहोचली, पण तिथे पर्याय काय? एपिड्युरलसाठी भूलतज्ज्ञ आणि सतत देखरेख लागते. एकच भूलतज्ज्ञ असेल, तर तातडीच्या सिझेरियनला साहजिकच आधी जावे लागते.

आधाराचे मात्र तसे नाही. प्रसूतीवेळी सतत कोणी सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, वेदनाशामके कमी लागतात आणि अनुभव वाईट वाटण्याची शक्यता घटते, असे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत नात्यातील स्त्रीला सोबत थांबू देण्याची सूचना केली होती. एकाच खोलीत शेजारी शेजारी खाटा असतील, तर आधी पडदे लागतात. तो खर्च भूलतज्ज्ञाच्या पदापेक्षा फारच कमी आहे.

८० टक्के मोजायचे कसे?

मापक काय मोजतो हे ठाऊक नसेल तर आकडा निरुपयोगी, हे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. बाळ सुखरूप कुशीत असताना, घरी सोडण्याच्या घाईत ‘समाधानी आहात का?’ विचारले तर बहुतेक जणी हो म्हणतील. त्याऐवजी थेट विचारता येते : वेदना कमी करण्याचे कोणते पर्याय सांगितले? तपासणीपूर्वी परवानगी घेतली का? कोणी ओरडले का? सोबत कोण होते? आणि हेच प्रश्न काही आठवड्यांनी, बाळाच्या लसीकरणाला आल्यावर पुन्हा.