आम्ही 'लाभार्थी' नाही, लेखक आहोत

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या पोरांनी भीमजयंतीला वस्तीच्या इतिहासाचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. वस्तीत काम करणाऱ्या एका संस्थेकडे जुने फोटो होते, म्हाताऱ्या बायांच्या मुलाखतींचे रेकॉर्डिंग होते. पोरे मागायला गेली. उत्तर मिळाले, "हे ऑफिसचे मटेरियल आहे, बाहेर देता येत नाही." मी तेव्हा त्याच संस्थेत पगारी कार्यकर्ता होतो. त्यातल्या काही मुलाखती मीच घेतल्या होत्या. तरीही मी गप्प बसलो. तो सल अजून गेलेला नाही.

मित्रांनो, प्रश्न एका संस्थेचा नाही. आपल्या दुःखाचे फोटो वार्षिक अहवालात जातात, आपल्या आयाबहिणींची कहाणी 'केस स्टडी' होते, त्यावर निधी येतो. फोटोखाली नाव कोणाचे? संस्थेचे. बाई मात्र 'एक लाभार्थी महिला'. बोलणारी ती, मालक दुसरेच. जात फक्त पाणवठ्यावर आणि जमिनीवर नसते, शब्दांच्या मालकीतही असते.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने 1924 सालीच सर्वांसाठी खुले झाले होते. पण 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारोंसह तिथे उतरेपर्यंत तो ठराव कागदावरच राहिला. आज अनेक संस्थांच्या माहितीपत्रकात 'लोकसहभाग' हा शब्द असाच कागदावर आहे. सभेला या, सही करा, फोटो काढा, घरी जा, एवढाच तो सहभाग!

वेगळे काही होऊ शकते का? होऊ शकते. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगावच्या बायांसोबत राहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आता 'पारी' या संकेतस्थळावर कोणालाही वाचता-ऐकता येतो. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत आणि ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आहे. शाळेची पायरी न चढलेली बाई तिथे कवयित्री म्हणून उभी आहे.

आपल्या संस्थांनाही हे जमण्यासारखे आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचा मोफत परवाना आहे. 'श्रेय द्या आणि वापरा' एवढी अट घालून फोटो, गाणी, पुस्तिका त्याखाली खुल्या करता येतात. असे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येतात, तिथून ते मराठी विकिपीडियाच्या लेखांत वापरता येतात. आपल्या विहाराबद्दल, वाचनालयाबद्दल, शाहिरांबद्दल आपण लिहिले नाही, तर दुसरे लिहितील किंवा कोणीच लिहिणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. अत्याचारग्रस्त कुटुंबाचा चेहरा, पीडितेची ओळख खुली करायची का? अजिबात नाही. शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्सखाली एकदा दिलेली परवानगी नंतर मागे घेता येत नाही. म्हणून आधी विहारात बैठक घ्या, फोटो पडद्यावर दाखवा, रेकॉर्डिंग ऐकवा, परवान्याचा अर्थ साध्या मराठीत सांगा. ज्याचा चेहरा आणि ज्याचा आवाज, त्याचा निर्णय. तो 'नाही' म्हणाला तर विषय संपला. पण 'लोकांची सुरक्षितता' हे कारण पुढे करून सगळेच कपाटात कोंडणे, ही मालकी टिकवण्याची सबब आहे. जयंतीच्या मिरवणुकीच्या फोटोत कोणती गुप्तता होती?

संस्थांमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारख्या तरुणांनी पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. आपल्याकडे वस्तीचे काय काय साठले आहे, त्याची यादी वस्तीला माहीत आहे का? फोटोखाली माणसाचे नाव त्याला विचारून लिहिले आहे का? आणि संस्था उद्या बंद पडली, तर हा ठेवा कोणाकडे राहील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे आले, तेव्हा उशीर झाला होता. ऑफिस हलवताना ती हार्ड डिस्क बिघडली. दुसरी प्रत नव्हती. त्या मुलाखतींतल्या दोघी आता हयात नाहीत. वस्तीतल्या दहा मोबाइलमध्ये ते रेकॉर्डिंग असते, तर त्यांचा आवाज आज त्यांच्या नातवंडांना ऐकता आला असता.

जयभीम!