मृत नटाची गोधडी

‘पिंक पँथर’ चित्रमालेंतील इन्स्पेक्टर क्लूझो हा धांदरट गुप्त पोलीस पीटर सेलर्स यांनीं १९६३ पासून रसिकांच्या घरचाच करून टाकिला. सेलर्स १९८० च्या जुलैंत वारले. तरीहि १९८२ सालीं ‘ट्रेल ऑफ द पिंक पँथर’ हा पुढील भाग त्यांच्याच बळावर निघाला! १९७६ च्या भागांतून गाळलेले प्रसंग व जुन्या चित्रपटांतील तुकडे जोडून ही गोधडी शिवण्यांत आली. ही श्रद्धांजली होय, असें तिचे कैवारी म्हणतात. आम्हांस हा युक्तिवाद मुळींच पटत नाहीं.

क्लूझोचा विनोद धडपडण्यांत नाहीं. धडपडून उठल्यावर जणूं कांहींच घडलें नाहीं अशा ऐटींत आहे. त्या ऐटीला कथानकाची अखंड गुंफण लागते. सुट्या तुकड्यांत पडणें तेवढें उरतें. शिवाय, १९६८ त ॲलन आर्किन व २००६ त स्टीव्ह मार्टिन यांनीं हीच भूमिका केली. यश कमीअधिक असो, त्यांत लबाडी नव्हती. जिवंत नट नकार देऊं शकतो. मृताला तो अधिकार उरत नाहीं. सेलर्स यांच्या पत्नीनें न्यायालयांत जाऊन भरपाई मिळविली, हें योग्यच झालें.

आज यंत्रें मृतांचा चेहरा व आवाज हुबेहूब उभा करूं लागलीं आहेत. तेव्हां वाचकांनीं हा प्रश्न शिळा समजूं नये. ज्याला ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं, त्याच्याकडून काम करून घेणें यास आम्ही श्रद्धांजली म्हणत नाहीं. ती वेठबिगारी होय.